मोरपिशी भिंत

आपल्या व्यापारी घराण्यांत पेढीचा रंग पांढरा, ही कोठेही न लिहिलेली परंतु पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेलेली रीत आहे. गादी पांढरी, तक्के-लोड पांढरे, बसणाऱ्याचा पोशाख पांढरा आणि पाठीमागची भिंतही पांढरीच. त्या भिंतीवर भगवंतांची तसबीर आणि शेजारी दिनदर्शिका, एवढाच काय तो रंग. पांढऱ्यावर डाग लपत नाही, म्हणून पांढरे राखणारा माणूस चोख व्यवहाराचा, असा एक समज त्यामागे असावा. कळीचा चुना स्वस्त मिळतो, हे दुसरे आणि बहुधा अधिक खरे कारण.

आमच्या लहानपणी दिवाळीपूर्वी पत्र्याच्या पिंपात हा चुना भिजत घातला जाई. पाणी पडताच तो खदखदू लागे आणि आम्हां मुलांना अंगणाच्या पलीकडे पिटाळले जाई. दुसऱ्या दिवशी तो गाळून त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घालीत. नीळ पडली की पांढरा अधिक पांढरा दिसतो. म्हणजे आमच्या पांढऱ्या भिंतींतही निळा रंग होताच; तो दिसू नये, एवढ्या बेताने घातलेला असे.

हे सारे आठवण्याचे निमित्त शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका खोलीचे आहे. पुण्याकडून येताना पंचगंगेचा पूल लागण्यापूर्वी जे गाव येते ते शिरोली; पुलामुळे त्याला 'पुलाची शिरोली' म्हणतात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत येथेच महामार्ग पाण्याखाली गेला होता आणि वाहनांच्या रांगा साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. एरवी मात्र ही वसाहत ओतकामाच्या भट्ट्यांसाठी, म्हणजे फौंड्र्यांसाठी, ओळखली जाते. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातील जागा अपुरी पडू लागली, तसे अनेक उद्योजक इकडे आणि गोकुळ शिरगावकडे सरकले. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सारे आण्णा म्हणत, त्यांपैकीच एक. फौंड्रीतून आलेले कास्टिंग लेथवर चढवायचे, छिद्रे पाडायची, मापात आणून पुढे पाठवायचे, असा त्यांचा यंत्रकामाचा व्यवसाय. चार लेथ, एक मिलिंग, दोन ड्रिलिंग यंत्रे आणि अखेरच्या काळात कर्ज काढून घेतलेले एक सीएनसी यंत्र. शेडच्या दर्शनी कोपऱ्यात बारा बाय चौदा फुटांची कार्यालयाची खोली. तिचा रंग, अर्थातच, पांढरा.

निदान बिलावर तरी पांढरा. फौंड्रीच्या परिसरात पांढरा रंग किती दिवस पांढरा राहतो, हे तेथे बसल्याशिवाय कळत नाही. साचे ज्या वाळूचे करतात तिला 'ग्रीन सँड' म्हणतात. नवख्याला वाटते की ती हिरवी असेल. प्रत्यक्षात ती काळी असते. बेंटोनाइट माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली ओलसर वाळू, न भाजलेली म्हणून 'ग्रीन'. कास्टिंगबरोबर तिची धूळ येते, आमच्या यंत्रांवर बिडाचा बारीक काळा चुरा पडतो, आणि दोन्ही मिळून पंख्याच्या वाऱ्याने भिंतीवर बसतात. आण्णांच्या खोलीत खुर्चीच्या पाठीमागे त्यांच्या डोक्याच्या उंचीवर एक करडा गोल उमटला होता. दर दोन वर्षांनी त्यावर पांढरा हात फिरे आणि सहा महिन्यांत तो गोल पुन्हा वर येई.

गेल्या वर्षी माघ महिन्यात आण्णा गेले. मागे वहिनी, हुबळीस दिलेली थोरली कन्या आणि पुण्यात एका कारखान्यात नोकरी करणारी धाकटी. धाकटी यंत्र अभियांत्रिकीची पदवीधर, सहा वर्षांचा अनुभव असलेली, अविवाहित. तेराव्यानंतर महिन्याभरातच शेड विकण्याची गोष्ट निघाली आणि त्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. वहिनींना रात्री झोप येत नसे. यंत्राच्या कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेस ठरलेला. एक दलाल येऊन जागा पाहून गेला.

एमआयडीसीतील जागा विकणे म्हणजे काय, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक असते, तरीही सांगतो. भूखंड महामंडळाचा, आपल्याकडे असतो तो साधारणतः 95 वर्षांचा भाडेपट्टा. विकायचा तो या पट्ट्याचा उरलेला हक्क आणि वरचे बांधकाम, तेही महामंडळाची परवानगी घेऊन आणि हस्तांतरणाचे शुल्क भरून. दलालाने हे सारे समजावून दिले आणि जाता जाता एक व्यवसायातला सल्ला दिला : "वहिनी, आतून-बाहेरून पांढरा हात मारून घ्या. पांढऱ्या जागेत घेणाऱ्याला आपलं सामान मांडलेलं दिसतं. रंगीत भिंत असली की दुसऱ्याचं घर वाटतं."

तो माणूस हुशार होता. पांढऱ्या रंगाचे इतके नेमके वर्णन मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेले नाही.

वहिनींच्या सांगण्यावरून मी एका कागदावर दोन रकाने केले. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तेच करत आलो होतो. विक्रीच्या बाजूस : कर्ज फिटते, उरलेल्या रकमेच्या मुदत ठेवीच्या व्याजावर एका व्यक्तीचा चरितार्थ सुखाने चालतो. व्यवसाय चालू ठेवण्याच्या बाजूस : तीन ग्राहक, त्यांतील एकावर निम्मे काम अवलंबून, सहा कामगार आणि नव्वद-नव्वद दिवसांची येणी. लहान उद्योगांना 45 दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा 2006 पासून आहे. खातेवहीतील उधारीने तो वाचलेला नसतो. कागद विक्रीकडे झुकत होता. तो मी जसाच्या तसा दोघी मायलेकींपुढे ठेवला.

पुतणीने तो नीट वाचला. मग म्हणाली, "काका, मला एक वर्ष द्या. नाही जमलं तर मी स्वतः त्या दलालाला फोन करीन." आणि थोड्या वेळाने, जणू त्याच वाक्याचा पुढचा भाग असल्यासारखे : "पण आधी ती खोली रंगवणार. पांढरी नाही."

तिने मोबाइलवर रंग दाखविला. गडद, निळ्या आणि हिरव्याच्या मधला. इंग्रजीत त्याला 'टील' म्हणतात, असे ती म्हणाली. टील हे एका लहान बदकाचे नाव. हिवाळ्यात ते उत्तरेकडून आपल्या देशातील तलावांवर उतरते आणि नराच्या डोळ्यापासून मानेकडे या रंगाचा पट्टा असतो. वहिनी कापडाच्या दुकानदाराची मुलगी, त्यांनी एका नजरेत निकाल दिला : "हा रामा नव्हे, चिंतामणी नव्हे. मोरपिशी आहे." आणि लगेच : "शेडचं ऑफिस आहे की ब्यूटी पार्लर?"

येथे माझ्या नोकरीचा संबंध येतो. शाखेत असताना शिरोलीतील कितीतरी युनिटांची पाहणी मी केली आहे. कर्जदाराच्या कार्यालयाच्या भिंती मी नेहमी पाहत असे, पण त्यांच्यावर विश्वास ठेवीत नसे. मंजुरीच्या आठवड्यात केबिनला ताज्या रंगाचा वास येत असेल, तर मी आधी मागच्या बाजूस जाऊन बिडाच्या चुऱ्याचा ढीग किती मोठा आहे ते पाही, मग विजेची बिले मागे, मग हजेरीपत्रक. केबिन रंगविता येते, विजेचे बिल रंगविता येत नाही. म्हणून पुतणीने प्रथम रंगाची गोष्ट काढली, तेव्हा माझ्यातील निवृत्त अधिकारी किंचित सावध झाला. मी तिला विचारले, "रंगाआधी ग्राहकांकडे जायला नको का?" ती म्हणाली, "तिघांकडे जाऊन आले. दोघांनी विचारलं, आता तिथे बसणार कोण? मी बसणार म्हटलं, तर म्हणाले, तसं नव्हे, मालक म्हणून कोण?"

यावर मी काही बोललो नाही.

खरा विरोध आला तो आत्यांकडून. आमच्या आत्या 84 वर्षांच्या. रोजचा स्वाध्याय चुकवीत नाहीत आणि घरातील कोणत्याही प्रश्नावर शास्त्राधार काढतात. त्या म्हणाल्या, "नील ही अशुभ लेश्या. कृष्ण, नील, कापोत या तीन सोडायच्या म्हणून आपण धडपडतो आणि ही पोर नील भिंतीला लावून तिच्यासमोर बसणार?"

वाचकांना लेश्या माहीत आहेतच. आचार्य नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्तींनी गोम्मटसारात सहा लेश्यांच्या वर्णांना सहा उपमा दिल्या आहेत : भुंगा, नीलमणी, कबूतर, सोने, कमळ आणि शंख. परंतु तेथेच द्रव्यलेश्या आणि भावलेश्या हा भेदही स्पष्ट केलेला आहे. द्रव्यलेश्या म्हणजे शरीराचा वर्ण. भावलेश्या म्हणजे कषायांनी रंगलेली मन-वचन-कायेची प्रवृत्ती. जीवाच्या परिणामांचा विचार करायचा तो हिच्यावरून. भिंत तर निव्वळ पुद्गल. स्पर्श, रस, गंध, वर्ण हे पुद्गलाचे गुणच आहेत. पाच वर्णांपैकी कोणता ना कोणता त्याला असणारच, आणि पांढरी भिंत म्हणजे काही शुक्ल लेश्येची भिंत नव्हे. नील लेश्येची लक्षणे ग्रंथात दिली आहेत ती आळस, निद्रा, परवंचना आणि धनधान्याची तीव्र लालसा अशी आहेत. ही लक्षणे शुभ्र गादीवर बसलेल्या माणसांत मी भरपूर पाहिली आहेत. नावे अर्थातच सांगणार नाही.

मी हे आत्यांना सांगितले. त्यांना ते माझ्याहून अधिक ठाऊक होते. त्यांनी ऐकून घेतले आणि पुतणीला जवळ बसवून जांभळीच्या झाडाची गोष्ट सुरू केली : सहा भुकेले वाटसरू, एकाला झाड मुळापासून तोडायचे आहे, दुसऱ्याला खोडापासून, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला डहाळी, पाचवा फळेच तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली वेचतो. गोष्ट संपली तेव्हा पुतणीने विचारले, "आत्याआजी, मग शेड विकणं म्हणजे कितवा वाटसरू?" आत्या क्षणभर थांबल्या आणि हसल्या. "दुसरा," त्या म्हणाल्या. "नील." व्यवहार म्हणून पाहता हा न्याय काटेकोर नाही, निरुपायाने विकणारा प्रत्येक जण लोभी नसतो आणि वहिनी तर मुळीच नव्हत्या. तरी घरात त्या एका शब्दाने जे झाले, ते माझ्या दोन रकान्यांनी झाले नव्हते. आत्यांनीच पुढे जोड दिली. भगवान महावीरांच्या 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, म्हणजे 1974-75 मध्ये, जो पंचरंगी ध्वज सर्व संप्रदायांनी स्वीकारला, त्यातील पाच रंग पंचपरमेष्ठींचे : हिरवा उपाध्यायांचा, गडद निळा साधूंचा. "हा तुझा रंग दोघांच्या मधला दिसतो," त्या म्हणाल्या. "चालेल."

रंगाची परवानगी मिळाली ती अशी. वर्षभराची मुदतही त्याच दिवशी मिळाली, परंतु ती कोणी मोठ्याने उच्चारली नाही. दलालाला वहिनींनी 'सध्या थांबू या' असा निरोप पाठविला.

आता रंगाविषयी. पेंटचा व्यापार करणारी अनेक कुटुंबे आपल्या समाजात आहेत, त्यांना यातील पुष्कळ गोष्टी पाठ असतील. 1942 साली महायुद्धामुळे परदेशी रंगांची आयात थांबलेली असताना मुंबईत गिरगावातील गायवाडीत चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. मोठ्या शहरांतील बाजार परदेशी कंपन्यांच्या हातात होता, म्हणून त्यांनी लहान डबे घेऊन गावोगावचे दुकानदार गाठले. बैलांची शिंगे रंगविण्यासाठी शेतकरी असा छोटा डबा घेत. आपल्याकडे बेंदराला शिंगांवर चकाकणारा तो रंग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गडद मोरपिशी मात्र तेव्हा सहज परवडणारी गोष्ट नव्हती. चुन्याच्या भिंतीत फार थोडे निळे-हिरवे रंग टिकत. चुन्याचा दाह सोसणारी नीळ हा त्यांतला एक.

आजचा मोरपिशी ज्या रंगद्रव्यांतून येतो त्यांचे नाव थॅलोसायनिन. त्याचा जन्म कारखान्यातील एका बिघाडातून झाला, म्हणून शिरोलीच्या लोकांना तो आवडावा. 1928 साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथे एका रसायन कारखान्यात भांड्याचे आतले अस्तर तडकले, आतील माल बाहेरच्या लोखंडाला लागला आणि निळसर पदार्थाचे काही कण तयार झाले. माल बिघडला म्हणून ते फेकून न देता तेथील रसायनतज्ज्ञांनी तपासले. पुढे लोखंडाच्या जागी तांबे घेऊन जो निळा मिळाला तो 1935 मध्ये बाजारात आला. त्याचाच भाऊ हिरवा. दोघे उन्हाला आणि चुन्याला दाद देत नाहीत. आता ही रंगद्रव्ये आपल्या गुजरातेत वापी-अंकलेश्वरकडे तयार होतात. मोरचूद निळे असते तेही तांब्यामुळेच. खुद्द मोराच्या पिसात मात्र निळा किंवा हिरवा रंग नसतो. त्याच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो तो तसा दिसतो. पीस कुटून पाहिले तर तपकिरी पूड हाती येईल.

पेंटच्या दुकानात यंत्राने रंग मिसळून दिला. गडद छटांसाठी जो मूळ डबा घेतात त्यात पांढरे द्रव्य अगदी कमी असते. त्यामुळे रंग खोल दिसतो, पण भिंत झाकण्याची त्याची शक्ती कमी. दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितले की पांढऱ्या प्रायमरवर तीन हात लागतील, करडा प्रायमर मारला तर कदाचित दोन भागतील. पुतणीने करडा घेतला. तरी तीन लागलेच. चार लिटरचा डबा आणि वर एक लिटर संपला, तेवढ्यात दोनच भिंती झाल्या : तिच्या पाठीमागची आणि डाव्या हाताची. उरलेल्या दोन भिंती आणि छत तिने फिकट ठेवले, कारण कास्टिंगचे माप घेताना व्हर्नियरवरची रेघ दिसायला उजेड लागतो आणि गडद भिंत उजेड गिळते. डब्यावरील छटेच्या क्रमांकाची चिठ्ठी तिने फाइलमध्ये लावली. रंगविणाऱ्या प्रत्येकाने एवढे करावेच.

त्यापूर्वी दोन भिंतींवर दोन-दोन फुटांचे नमुने काढून तिने आठवडाभर ते सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहिले. शेडमधील पांढऱ्याशार एलईडी दिव्यात रंग निळा दिसे. पिवळसर दिवा लावला की हिरव्याकडे झुके. पश्चिमेच्या खिडकीतून चार वाजता ऊन आले की तो खरा मोरपिशी होई. तिने दिवे बदलले, रंग बदलला नाही.

आपल्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या काळी डिस्टेंपरमध्ये आणि लांबीमध्ये सरस वापरीत, आणि सरस म्हणजे जनावरांची हाडे व कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ. रंगाचे चांगले ब्रश डुकराच्या केसांचे असत. चुना मारण्याचा आपला कुंचा घायपाताच्या धाग्यांचा, तो निर्दोष होता. शहरी रंगकामात नकळत हे शिरले. आजच्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनला सरस लागत नाही आणि रोलर व ब्रश कृत्रिम धाग्यांचे सहज मिळतात, मात्र मागावे लागतात. वहिनींनी रंगाऱ्याची पिशवी उघडून प्रत्येक ब्रश पाहिला आणि दोन बाजूला काढले. तो बिचारा म्हणाला, "आजवर गिऱ्हाइकानं रंग बघितला, ब्रश कुणी बघितला नव्हता." रंगातील शिशाचे प्रमाणही पाहावे, घरगुती रंगांत ते दशलक्ष भागांत 90 भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. काम आषाढापूर्वी संपवायचे होते. चातुर्मासात बांधकाम-रंगकाम काढायचे नाही हा आण्णांचा नेम, तो तिने मोडला नाही.

खरी अडचण डाव्या भिंतीवर निघाली. जुना टेलिफोन जेथे होता त्याच्याभोवती आण्णांनी पेन्सिलीने लिहिलेले आकडे होते. दूरध्वनी क्रमांक, दर, माप, कोठे नुसतेच नाव. फोनवर बोलता बोलता कागद शोधण्याऐवजी भिंतीवर लिहायचे, ही त्यांची सवय. पांढरा हात मारणारे रंगारी तेवढा तुकडा दरवेळी चुकवीत आले होते. वहिनींना तो तसाच ठेवावासा वाटला. चौकट करून घेऊ म्हणाल्या. पुतणीने मान हलविली. स्टूल घेऊन बसली आणि दोन संध्याकाळी खर्चून सारे आकडे एका वहीत उतरवून घेतले, पुसट झालेले भिंगाने पाहून. मग रंगाऱ्याला म्हणाली, "आता मारा." रोलर फिरला तेव्हा वहिनी बाहेर जाऊन उभ्या राहिल्या. मी आत थांबलो. पहिल्या हातात आकडे दिसत होते, दुसऱ्या हातात अंधूक, तिसऱ्यात गेले.

वहीतील प्रत्येक क्रमांक तिने फिरवून पाहिला. बहुतेक बंद झालेले. चार चालू निघाले. एक आण्णांच्या जुन्या मित्राचा, ज्याला ते गेल्याचे ठाऊक नव्हते. एक इचलकरंजीच्या यंत्रमागाच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याचा. तिसऱ्याने ओळख दिली नाही. चौथा एका फौंड्रीचा, तेथील वृद्ध व्यवस्थापक म्हणाले, "बरं झालं फोन केला. आण्णांचे दोन पॅटर्न अकरा वर्षं आमच्याकडे पडून आहेत. घेऊन जा, नाहीतर पुढच्या वेळी लाकूड म्हणून जातील."

रंगकामाला आठ महिने झाले. काळी धूळ मोरपिशी भिंतीवर दिसत नाही, हे अपेक्षित होते. खडूसारखी फिकट धूळ आणि तेलकट हाताचे ठसे मात्र लगेच दिसतात, हे नव्याने कळले. दर शनिवारी ती मऊ सुती फडक्याने भिंत टिपून घेते. घासली तर चमक येते आणि डाग उठून दिसतो. आत्या एकदा खोली पाहायला आल्या. भिंतीवरून बोट फिरवून त्यांनी धूळ पाहिली आणि मुनिमहाराजांच्या पिच्छीचे पाच गुण नातीला मोजून दाखविले : धूळ न धरणे, घाम न शोषणे, मृदुता, सुकुमारता, हलकेपणा. मोराने आपणहून टाकलेल्या पिसांचीच ती करतात. "तुझी भिंत पहिल्याच गुणात नापास," त्या म्हणाल्या.

ग्राहकांचे सांगायचे तर तिघांपैकी एक गेला. जाण्याचे कारण त्याने भाव सांगितले. तो भाव आण्णांच्या वेळीही तोच होता. इचलकरंजीच्या व्यापाऱ्याने नमुन्यादाखल काही नग करून घेतले आहेत आणि पुढची मागणी अजून आलेली नाही. हप्ता पाच तारखेस जातो. दोनदा तो वहिनींच्या ठेवीवरील व्याजातून गेला, ते वहीत उसनवारी म्हणून लिहिले आहे. वर्ष पुरे व्हायला अजून चार महिने आहेत. माझा दोन रकान्यांचा कागद तिने टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे आणि दर महिन्याच्या अखेरीस त्यात पेन्सिलीने दुरुस्ती करते. विजेचे बिल मी न मागता दाखवते.

पूर्वीच्याच एका पाहुण्याने, एका ग्राहकाच्या खरेदी अधिकाऱ्याने, खोलीत शिरताच विचारले होते, "साहेब नाहीत का?" ती खुर्चीतून उठली नाही. "बसा," म्हणाली. तो बसला, त्याने भिंतीकडे पाहिले, मग तिच्याकडे, आणि ड्रॉइंग काढले. बोलणे पाऊण तास छिद्रांच्या मापावर झाले.

रंगाचे बिल कोणत्या खात्यास टाकायचे, हे तिने मला विचारले होते. मी वाणिज्य शाखेचा पदव्युत्तर विद्यार्थी, उत्तर तोंडपाठ : असलेली खोली पुन्हा रंगविणे हा महसुली खर्च, 'दुरुस्ती व देखभाल' खाते, नवी इमारत बांधताना रंगविली असती तर भांडवली. तिने थोडा विचार केला आणि 'दुरुस्ती व देखभाल'च लिहिले. त्याखालची नोंद टेम्पोभाड्याची आहे, ते दोन पॅटर्न आणण्याच्या. सागवानी आहेत, कोपरे थोडे झिजलेले. एका पंपाच्या झाकणाचा निघाला, दुसरा कशाचा ते अजून उमगलेले नाही. मिस्त्रींनी तो उलटसुलट फिरवून पाहिला आहे आणि मागच्या अंगाला कोरलेला क्रमांक वहीतील पेन्सिलीच्या आकड्यांशी जुळतो का, हे ती रोज थोडा वेळ काढून पाहत आहे.